नाण्याची किंमत आणि नाण्याचा ठावठिकाणा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत जुन्या नाण्यांतील गुंतवणुकीविषयी अलीकडेच प्रसिद्ध झालेला लेख वाचला. प्राचीन ग्रीक आणि रोमन नाण्यांकडे मराठी वाचकांचे लक्ष वेधले गेले, याचा या नाण्यांचा एक जुना संग्राहक म्हणून मला आनंदच आहे. लेखात परदेशी लिलावांतील किमती सविस्तर दिल्या होत्या. परंतु असे नाणे विकत घेताना जो प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा, तो लेखात कोठेही आला नाही. ते नाणे जमिनीतून कोठे, केव्हा आणि कशासोबत निघाले आणि तेथून विक्रेत्याच्या हाती कसे आले, हा तो प्रश्न होय. त्याविषयी सविस्तर लिहिण्याची परवानगी असावी.

हा छंद केवळ धनिकांचा आहे, असा लेखावरून कोणाचा समज होऊ नये म्हणून तेवढे आधी सांगतो. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन आणि त्याच्या मुलांच्या काळातील, म्हणजे चौथ्या शतकातील, तांब्याची लहान नाणी रोमन टांकसाळींनी इतक्या प्रचंड संख्येने पाडली की त्यांतले अक्षरे वाचता येण्याजोगे एखादे नाणे युरोपात आजही दीड-दोन हजार रुपयांत, कधी त्याहून कमी किमतीत मिळते. या नाण्यांच्या मागील बाजूस अगदी तळाशी टांकसाळीची खूण असते. ती वाचता आली की नाणे ट्रिअरचे, अंतिओकचे की अलेक्झांड्रियाचे हे घरबसल्या कळते. न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीने रोमन सम्राटांच्या नाण्यांची सूची इंटरनेटवर विनामूल्य खुली केली असल्यामुळे, महागडे ग्रंथ विकत न घेताही हा अभ्यास आता नीट करता येतो. शाळकरी मुलामुलींनाही तो झेपेल, असे मी अनुभवाने सांगू शकतो.

माझ्या संग्रहात सम्राट टायबेरियसचा एक चांदीचा दिनारियस आहे. वजन पावणेचार ग्रॅमच्या आसपास, व्यास दोन सेंटिमीटरपेक्षा थोडा कमी. दर्शनी बाजूस सम्राटाचे उजवीकडे पाहणारे मस्तक असून त्यावर पानांचा मुकुट आहे आणि मुकुटाच्या फितीची टोके मानेवर रुळताना दिसतात. भोवती ‘देव ऑगस्टसचा पुत्र टायबेरियस सीझर ऑगस्टस’ अशा अर्थाची लॅटिन अक्षरे आहेत. ठसा किंचित सरकून बसल्यामुळे त्यांतली शेवटची दोन-तीन नाण्याच्या काठाबाहेर गेली आहेत. मागील बाजूस आसनावर बसलेली एक स्त्री आहे. तिच्या एका हातात राजदंड, दुसऱ्या हातात डहाळी आहे, आणि ही सम्राटाची माता लिव्हिया असावी असे सामान्यतः मानले जाते. आजच्या फ्रान्समधील लियों येथील टांकसाळीत पाडलेला हा प्रकार मुळीच दुर्मीळ नाही. तरीही ‘सीझरचे ते सीझरला द्या’ या येशूच्या वचनातील नाणे हेच, अशी परंपरागत समजूत असल्यामुळे पाश्चात्त्य बाजारात त्याला सतत मागणी असते आणि त्याच्याहून कितीतरी दुर्मीळ नाण्यांपेक्षा ते महाग विकले जाते.

या नाण्यासोबत माझ्याकडे एका जुन्या युरोपीय विक्रेत्याच्या हस्ताक्षरातील चिठ्ठी आहे आणि ती मी नाण्याइतकीच जपतो. तिच्यावर सम्राटाचे नाव, सूचीतील क्रमांक आणि किंमत आहे. नाणे कोणत्या मातीतून निघाले, हे मात्र तिच्यावर नाही. दक्षिण भारतात सापडलेल्या रोमन चांदीच्या साठ्यांत ऑगस्टस आणि टायबेरियस यांची नाणी सर्वाधिक असतात आणि त्यांत हा प्रकार ठळकपणे आढळतो. तेव्हा हा दिनारियस लियोंहून निघून फ्रान्समध्येच एखाद्या सैनिकाच्या कनवटीतून पडला की मिऱ्यांच्या मोबदल्यात अरबी समुद्र ओलांडून केरळच्या किनाऱ्यावर उतरला, हे आता जगातील कोणताही तज्ज्ञ सांगू शकणार नाही. धातू तोच, ठसा तोच, वजनही तेच; हरवली आहे ती फक्त माहिती, आणि ती कोणत्याही किमतीला परत मिळत नाही.

आता गुंतवणुकीविषयी. अथेन्सचे घुबडाचे नाणे, म्हणजे सुमारे १७.२ ग्रॅम वजनाचे चांदीचे टेट्राड्राख्मा (चार ड्राख्मांचे नाणे; ड्राख्मा हे ग्रीकांचे चांदीचे चलन), हे लेखात हमखास परतावा देणारे नाणे म्हणून सुचवले होते. एका बाजूस शिरस्त्राण घातलेली अथेना, दुसऱ्या बाजूस मोठ्या डोळ्यांचे घुबड, ऑलिव्हची डहाळी आणि चंद्रकोर असलेले हे नाणे सुंदर आहे, यात वाद नाही. पण अथेन्सजवळच्या लॉरियनच्या खाणींतील चांदीतून अथेन्सने ते अफाट संख्येने पाडले आणि अलीकडच्या वर्षांत ते बाजारात इतक्या मोठ्या प्रमाणावर आले की भाव उतरले. एकाएकी एवढी नाणी कोठून आली, याचा खुलासा बहुतेक लिलाव-सूच्यांत सापडत नाही. कोठेतरी मोठा साठा निघाला आणि गुपचूप फुटला, असाच त्याचा अर्थ संभवतो. अशा बाजाराला गुंतवणुकीचे सुरक्षित साधन म्हणणे मला धाडसाचे वाटते.

लेखात ज्युलिअस सीझरच्या मारेकऱ्याच्या, ब्रूटसच्या, सोन्याच्या नाण्याचा उल्लेख होता. एका बाजूस ब्रूटसचे मस्तक, दुसऱ्या बाजूस दोन खंजीर, त्यांच्यामध्ये गुलामगिरीतून मुक्त झालेल्याची टोपी आणि खाली मार्चच्या ‘आयडीज’ची, म्हणजे सीझरच्या हत्येच्या दिवसाची, नोंद असे हे इ.स.पू. ४२ च्या सुमाराचे नाणे ऑक्टोबर २०२० मध्ये लंडनच्या लिलावात ४० लाख डॉलरहून अधिक किमतीला गेले, हे खरे आहे. लेख तेथेच थांबला. पुढची हकिकत अशी की नाण्यासोबत दिलेली पूर्वीच्या मालकीची माहिती खोटी असल्याचे तपासात उघड झाले, न्यूयॉर्कच्या अधिकाऱ्यांनी ते जप्त केले आणि मार्च २०२३ मध्ये ते ग्रीसला परत देण्यात आले. म्हणजे कागद असणे पुरेसे नाही, तो खराही असावा लागतो; आणि किमतीचा आकडा डोळ्यांत भरला की खरेदीदार त्या कागदाकडे पुरेशा चिकित्सेने पाहत नाही.

नाणी जमिनीतून निघतात त्या क्षणी काय होते, यावर सारे अवलंबून असते. दोन उदाहरणे देतो. १९८४ मध्ये तुर्कस्तानच्या नैऋत्येस एल्माली गावाजवळ धातुशोधक यंत्राच्या साहाय्याने सुमारे १९०० ग्रीक चांदीची नाणी काढण्यात आली. इ.स.पू. पाचव्या शतकात पुरलेल्या त्या साठ्यात अथेन्सची डेकाड्राख्मा, म्हणजे दहा ड्राख्मांची मोठी नाणी, चौदा होती. तोवर जगभर मिळून अशी नाणी मोजकीच ठाऊक होती. साठा चोरवाटेने देशाबाहेर गेला, त्याचा मोठा भाग अमेरिकेत विकला गेला आणि दीर्घ न्यायालयीन लढ्यानंतर १९९९ मध्ये तो तुर्कस्तानला परत मिळाला. नाणी परत आली. परंतु ती कोणत्या भांड्यात होती, कशी रचलेली होती, शेजारी घर होते, देऊळ होते की काहीच नव्हते, हे पुरातत्त्वज्ञांना पाहायला मिळाले नाही. अथेन्सने आपल्या अंकित नगरांकडून खंडणी गोळा केली त्याच काळातील, आणि इतक्या निरनिराळ्या ग्रीक टांकसाळींची चांदी एकत्र आणणारा हा साठा कोणाचा होता, या प्रश्नाचे उत्तर त्या खड्ड्यातच राहिले.

दुसरे उदाहरण इंग्लंडमधील सॉमरसेट परगण्यातील फ्रोम गावाजवळचे. एप्रिल २०१० मध्ये एका हौशी शोधकाच्या यंत्राने इशारा दिला. खणता खणता मातीच्या रांजणाचे तोंड आणि आत नाणी दिसली. त्याने तेथेच हात थांबवला, खड्डा बुजवला आणि अधिकाऱ्यांना कळवले. पुरातत्त्वज्ञांनी तो रांजण जागच्या जागी ठेवून थराथराने रिकामा केला. ५२,५०३ रोमन नाणी निघाली, वजन सुमारे १६० किलो. त्यांतील सर्वांत उशिराची नाणी कारौसियसची, म्हणजे तिसऱ्या शतकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये स्वतःला सम्राट म्हणवणाऱ्या बंडखोर सेनापतीची होती. रांजण वर्षानुवर्षे भरत गेलेली बचत असता, तर सर्वांत नवी नाणी वर असायला हवी होती. ती बव्हंशी खालच्या अर्ध्या भागात निघाली. रांजणाच्या भिंती इतक्या पातळ होत्या की एवढे वजन घालून तो उचलणे शक्यच नव्हते. म्हणजे आधी रांजण जमिनीत बसवला आणि मग एकाच वेळी भरला. यावरून हे घाबरून पुरलेले धन नसून एखाद्या समूहाने केलेले अर्पण असावे, असे मत अभ्यासकांनी मांडले. हे सारे ज्ञान नाण्यांच्या थरांतून आले आहे. त्यांतील एकेक नाणे सुटे पाहिले, तर ते बाजारात अगदी किरकोळ किमतीचे आहे.

हा विषय महाराष्ट्रापासून आणि भारतापासून दूरचा आहे, असे कोणी म्हणू नये. दरवर्षी किमान पाच कोटी सेस्टर्स (हे एक रोमन नाणे) भारत ओढून नेतो, अशी तक्रार रोमन लेखक प्लिनीने इसवी सनाच्या पहिल्या शतकात नोंदवली आहे. शंभर सेस्टर्सचा एक सोन्याचा ऑरियस या त्या काळच्या हिशेबाने ते पाच लाख ऑरियस होतात. प्लिनीचा आकडा अतिशयोक्त आहे असे मानले, तरी ऑरियस आणि दिनारियस आपल्या जमिनीतून निघत आले आहेत, हे खरेच आहे. नीरोने इ.स. ६४ च्या सुमारास दिनारियसचे वजन घटवले, एका रोमन पौंडातून ८४ ऐवजी ९६ नाणी पाडायला सुरुवात केली आणि चांदीचा कसही उतरवला. भारतातील साठ्यांत नीरोनंतरची चांदीची नाणी फार थोडी, त्याआधीची भरपूर. आपल्याकडील व्यापाऱ्यांना चांगली चांदी ओळखता येत होती, असे अनुमान यावरून निघते, आणि तेही अख्खे साठे नोंदले गेले म्हणूनच निघते.

तमिळनाडूतील पुदुक्कोट्टै येथे १८९८ मध्ये ५०१ ऑरियसांचा साठा मिळाला. त्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक नाण्यांवर सम्राटाच्या चेहऱ्यावर छिन्नीने मुद्दाम कापा मारलेला आहे. असे नाणे एकटे लिलावात आले, तर सूचीत ‘दोष: कापा’ असे लिहून त्याची किंमत उतरवली जाईल. पाचशे एकत्र आली, तेव्हा कळले की हा दोष नसून कोणीतरी ठरवून केलेली कृती आहे. परकीय सम्राटाच्या मुद्रेचा मान नाकारून ते नाणे केवळ सोने म्हणून वापरण्यासाठी असे केले असावे, हे त्याचे सर्वाधिक मान्य झालेले स्पष्टीकरण आहे.

याउलट नेल्लोरचे पाहा. अठराव्या शतकाच्या अखेरीस तेथे एका शेतकऱ्याचा नांगर विटांच्या बांधकामाला अडला. खाली लहानशा देवळाचे अवशेष आणि त्यांत एक मडके होते. मडक्यातील दुसऱ्या शतकातील रोमन सुवर्णनाणी त्याने जुने सोने म्हणून विकली. त्यांतली पुष्कळशी आटवली गेली असावीत, आणि तीसेक तेवढी नवाबाच्या हाती लागली. एकूण किती होती, हे आज कोणालाही सांगता येत नाही.

आपल्या नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे १९०६ मध्ये निघालेला चांदीच्या नाण्यांचा साठा तर प्रत्येक मराठी विद्यार्थ्याला माहीत असायला हवा. ही क्षहरात राजा नहपानाची नाणी. ती ग्रीक किंवा रोमन नव्हेत. परंतु राजाचे मस्तक, ड्राख्म्याच्या धर्तीची घडण आणि कडेची ग्रीक लिपी ही त्यांवर आलेली थेट ग्रीक परंपरा आहे, आणि ब्राह्मी व खरोष्ठी अक्षरेही त्यांवर आहेत. तेरा हजारांहून अधिक नाण्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला आढळला. नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपल्या पुत्राला क्षहरात वंशाचा उच्छेद करणारा म्हटले आहे. त्या शब्दांना या साठ्याने धातूची साक्ष दिली. पुन्हा ठसा मारलेले नाणे सुटेही मिळते. पण पराभूत राजाचे चलन किती व्यापक प्रमाणावर पुन्हा मुद्रित करून वापरात आणले गेले, हे दोन तृतीयांश या प्रमाणावरूनच समजते, आणि साठा मोजण्याआधीच फुटला असता तर ते प्रमाण कायमचे गेले असते.

म्हणून मला कायद्याकडे लक्ष वेधायचे आहे. भारतीय निखात निधी अधिनियम हा १८७८ चा कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे त्यानुसार बंधनकारक आहे आणि न कळवणे हा गुन्हा आहे. मात्र असे धन सरकारने स्वतःसाठी घ्यायचे ठरवल्यास मोबदला मिळतो तो धातूच्या किमतीइतका आणि वर तिचा एक पंचमांश. शेतात नांगराला लागलेला पावणेचार ग्रॅमचा दिनारियस घेऊन जो शेतकरी प्रामाणिकपणे तहसील कार्यालयाची पायरी चढेल, त्याला तेवढ्या चांदीचे मोल आणि थोडी रक्कम वर मिळू शकते. तेच नाणे दलालाला दिले तर त्याच्या कितीतरी पट पैसे हातावर पडतात. सराफाच्या मुशीत किंवा दलालाच्या खिशात जाणाऱ्या नाण्यांचे पाप एकट्या शेतकऱ्याच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. इंग्लंडमध्ये १९९६ च्या कायद्यानुसार संग्रहालयाला असा साठा हवा असेल, तर तज्ज्ञ समिती बाजारभावाने मूल्य ठरवते आणि ती रक्कम सामान्यतः शोधणारा आणि जमिनीचा मालक यांच्यात वाटली जाते. फ्रोमच्या साठ्यासाठी तेथील संग्रहालयाने ३,२०,२५० पौंड मोजले. यंत्र घेऊन शेतोशेती फिरण्याची मुभा आपल्याकडे द्यावी, असे माझे म्हणणे अजिबात नाही. नांगरटीत, विहीर खणताना, घराचा पाया काढताना अवचित सापडलेल्या नाण्यांना बाजारभावाने मोबदला द्यावा, एवढी दुरुस्ती केंद्र सरकारने करावी आणि राज्यातील लोकप्रतिनिधींनी तिचा पाठपुरावा करावा, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

खरेदी करू इच्छिणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी. विक्रेत्याकडून पावती, जुनी चिठ्ठी आणि पूर्वीच्या मालकांची माहिती मागून घ्यावी; ‘युरोपातील एका जुन्या संग्रहातून’ एवढेच मोघम लिहिलेले असेल, तर निदान तो संग्रह कोणाचा आणि कोणत्या वर्षाचा हे विचारावे, आणि उत्तर न मिळाल्यास खरेदी टाळावी. लंडन, न्यू जर्सी किंवा दुबईत राहणारे आपले बांधव तेथे घेतलेली नाणी सुट्टीत घरी आणतात. त्यांनी हे ध्यानात घ्यावे की शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला ते भारतातून निर्यात करता येत नाही. त्यामुळे परदेशातील खरेदीची कागदपत्रे नाण्यासोबतच ठेवावीत. बनावट नाण्यांचा विषय स्वतंत्र पत्राचा आहे. कडेला जोड दिसणे, पृष्ठभागावर बारीक बुडबुड्यांच्या खळग्या असणे आणि वजन न जुळणे ही ओतीव नकलेची लक्षणे आहेत, इतकेच येथे सांगतो. ठशाने ठोकून केलेली हल्लीची नक्कल ओळखायला जाणत्याचाच डोळा लागतो.

आणि चिंच, लिंबू किंवा पितांबरी लावून नाणे उजळू नये. तांब्यावर दोन हजार वर्षांत चढलेला हिरवा-तपकिरी थर हेच त्याचे कवच असते. तो घासून काढला की अक्षरांच्या कडा जातात आणि नाणे कोणत्या मातीत पडून होते याच्या उरल्यासुरल्या खुणाही पुसल्या जातात. सापडलेले मडके रिकामे करण्याआधी मोबाइलवर त्याची छायाचित्रे काढणे हे आज गावोगावी शक्य आहे आणि एवढ्यानेही अभ्यासकांचे मोठे काम होते.

आपल्या दैनिकाची जिल्हावार आवृत्ती निघते आणि ती गावागावांत वाचली जाते. जमिनीत जुने नाणे किंवा मडके सापडल्यास ते हलवू नये, विकू नये, धुऊ नये, कोणत्या कार्यालयात आणि कोणत्या अधिकाऱ्याला लेखी कळवावे, पोच कशी घ्यावी, ही माहिती त्या त्या जिल्ह्याच्या पत्त्यांसह खरीप आणि रब्बीच्या नांगरटीच्या दिवसांत ठळक चौकटीत छापावी, अशी आपणास विनंती आहे. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राला वाहिलेली संशोधन संस्था आहे आणि पुण्या-मुंबईतही जाणकारांची उणीव नाही. मजकूर बिनचूक करण्यासाठी त्यांची मदत घेता येईल. अशा चौकटीच्या मसुद्यासाठी माझी काही मदत होणार असेल, तर ती मी आनंदाने करीन.

आपला विश्वासू,
ग्रीक व रोमन नाण्यांचा एक संग्राहक,
पुणे